थुंकायचं, चूळ भरायची नाही

माझी आत्या सरकारी दवाखान्यात दातांच्या विभागात नर्स होती, आणि लहान मुलांचा दात काढताना त्यांचं डोकं धरून ठेवणं हे तिचं मुख्य काम होतं. डॉक्टर चिमटा धरायचे, आत्या मूल धरायची. अंगाने ती भरभक्कम, आवाज असा की व्हरांड्याच्या पार टोकाला डुलक्या घेणाऱ्या माणसालाही आपला नंबर लागल्याचं कळायचं. मूल खुर्चीत बसलं की ती मागे उभी राहून दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवायची, हनुवटी त्याच्या टाळूवर टेकवायची आणि म्हणायची, "झालं हं, झालं, झालं." तेव्हा काहीच झालेलं नसायचं. पण तिच्या हातांना एक ऊब होती, आणि मूल क्षणभर रडायचं विसरायचं. तेवढा क्षण डॉक्टरांना पुरायचा.

बुधवार हा मुलांचा वार. सकाळी दार उघडायच्या आधीच बाकांवर सुजलेले गाल रांगेने बसलेले असायचे. कुणी आईच्या खांद्यावर मान टाकलेलं, कुणी रात्रभर न झोपल्यामुळे डोळे तांबारलेलं. आत लवंगेच्या तेलाचा वास, कोपऱ्यात हत्यारं उकळणाऱ्या भांड्याची वाफ, आणि मधूनमधून स्टीलच्या ट्रेमध्ये दात पडल्याचा बारीकसा आवाज. "दुधाचेच तर दात आहेत, आज ना उद्या पडायचेच होते," असं प्रत्येक आई म्हणायची. आत्याही मान डोलवायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

आत्याचं लग्न झालं होतं, पण वर्षभरातच तिचे यजमान आजारपणात गेले आणि ती आमच्याकडे राहायला आली. माझ्या आईची ती नणंद, पण दोघी भांडायच्या मात्र सख्ख्या बहिणींसारख्या. मूलबाळ नव्हतं. त्यावर कुणी हळहळलं की आत्या म्हणायची, "अहो, दर बुधवारी पोटभर रडणं ऐकते मी. घरी आणखी कशाला?" सगळे हसायचे. ती हसायची की नाही, ते लहानपणी माझ्या लक्षात आलं नाही.

एका बुधवारी बाजारपेठेतले शिंपी आजोबा आपल्या नातीला कडेवर घेऊन आले. पोर चार वर्षांची. तिचे आईवडील कामासाठी दूरच्या शहरात, म्हणून ती आजोबांजवळ. तिचा उजवा गाल इतका सुजला होता की डोळा मिटला होता, आणि अंग तव्यासारखं तापलेलं. डॉक्टरांनी तिच्या हनुवटीखाली बोट लावून पाहिलं आणि चिमटा खाली ठेवला. आत्या सांगायची की इतक्या वर्षांत डॉक्टरांना चिमटा असा खाली ठेवताना तिने पाहिलं नव्हतं.

"वॉर्डात न्या. आत्ताच्या आत्ता. पू गळ्याकडे उतरतोय," डॉक्टर म्हणाले.

किडलेल्या दाढेतून पू झाला होता आणि तो पोरीच्या श्वासावर उठला होता. पुढचे काही दिवस तिच्या हातात सलाइनची सुई होती. आत्या ड्युटी संपली की घरी यायच्या ऐवजी वॉर्डात जाऊन बसायची. शिंपी आजोबा पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर, मांडीवर नातीचा फ्रॉक घेऊन. त्याची शिवण ते उगाच उसवायचे आणि परत घालायचे. अखेर ताप उतरला, गालाची सूज ओसरली, पोरीने डोळा उघडला आणि पहिलं काय मागितलं, तर तिची दुधाची बाटली.

आत्याने विचारलं, "बाटली? एवढी मोठी झाली तरी?"

"आईची आठवण काढून रडते हो झोपताना," आजोबा म्हणाले. "मग दोन चमचे साखर घालून बाटली देतो. ती तोंडात धरूनच झोपते." मग त्यांनी आत्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सिस्टर, हे होऊ नये म्हणून मी काय करायला हवं होतं?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माणूस खरोखर विचारत होता. दात किडल्यावर काय करायचं ते आत्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण दात किडायच्या आधी काय करायचं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. डॉक्टर म्हणजे किरकोळ अंगाचा, तोलूनमापून बोलणारा माणूस. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"उपाय आहे, आणि साधा आहे," ते म्हणाले. "फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, आणि मोठं माणूस समोर उभं. झोपताना गोड बाटली नाही. जिथे जिथे बालवाडीत रोज मुलांकडून दात घासून घेतात, तिथे कीड निम्म्यावर येते. मी शिकत होतो तेव्हापासून हे पुस्तकात आहे."

"मग आपण का नाही करत?"

"माझ्यासमोर मूल येतं तेव्हा त्याचा दात गेलेला असतो, सिस्टर. मी खुर्चीजवळचा माणूस. खुर्चीपर्यंत मूल येऊच नये, यासाठी दुसरं कुणीतरी लागतं. बोलकं."

आत्या म्हणाली, "बोलकं म्हणजे माझ्यासारखं तोंडाळ का?"

डॉक्टर चक्क हसले. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं, आधी गावातल्या पाण्याची तपासणी करून घेतली, कारण काही ठिकाणी जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि तिथे वेगळा विचार करावा लागतो. आमच्या पाण्यात तसं काही निघालं नाही. मग आत्याने पदर खोचला.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक बालवाडी होती. दोन खोल्या, पुढे फरशीचं अंगण, अंगणात एक नळ. तिथल्या बाई अंगाने लहानशा, पण तिखट. आत्याचं बोलणं पुरतं ऐकायच्या आतच त्या म्हणाल्या, "चाळीस पोरं, एक नळ, आणि त्याला पाणी फक्त सकाळी. चुळा भरायला पाणी काय मी डोक्यावरून आणू?"

"चूळ भरायचीच नाही," आत्या म्हणाली. "घासायचं आणि नुसतं थुंकायचं. पेस्टचा अंश दातांवर राहिला तरच ती काम करते. चूळ भरली की औषध मोरीत."

"चूळ न भरता? शी!"

हे "शी" आत्याला पुढे गावभर ऐकावं लागलं. बाईंना पटवायला तिने अक्षरशः दातांच्या कण्या केल्या. शेवटी बाईच वैतागून म्हणाल्या, "करा बाई काय करायचं ते. एक महिना. पोरांनी गोंधळ घातला तर तुम्हीच आवरा."

दवाखान्याच्या कोठारात कुठल्याशा जुन्या मोहिमेतले लहान ब्रश खोक्यात पडून होते, ते डॉक्टरांनी मिळवून दिले. सुताराने फळीला भोकं पाडून ब्रश उभे राहतील अशी घोडी करून दिली. पोरांतल्या कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक भोकाखाली एक चित्र: कासव, छत्री, कुलूप, बदक. कासवाचा ब्रश बदकाने घेतला की महायुद्ध व्हायचं. आत्या ड्युटीच्या आधी रोज तिथे जायची. मुलं अंगणात गोल करून बसायची, मधे एक घमेलं थुंकायला, आणि आत्या आपल्या त्या दणदणीत, बेसूर आवाजात तिनेच जुळवलेलं गाणं म्हणायची:

वरच्या माळ्यावर गोल गोल,
खालच्या माळ्यावर गोल गोल,
मागच्या खोलीत कोण लपलं?
थू थू थू, त्याचं बिऱ्हाड हललं!

"थू थू थू"ला मुलं असा जोर लावायची की घमेलं बाजूलाच आणि आत्याची साडी भिजलेली. घरी माझे वडील तिला चिडवायचे. "ताई, गावात लोक हसतायत तुला. सिस्टर म्हातारपणी बालवाडीत जाऊन बसली म्हणतात."

"हसतील त्यांचे दात दिसतील," आत्या म्हणाली. "आणि मला तेच तर बघायचेत."

महिना झाला, दोन झाले. बाईंनी विरोध सोडला होता, उलट गाण्याला त्यांनी चाल लावली होती. आणि मग घोळ झाला. बालवाडीत एक जुळ्या भावांची जोडी होती. त्यांना पेस्टची चव भारी आवडायची. बाई आत डबे उघडून देत असताना त्या दोघांनी खिडकीतली ट्यूब पळवली आणि अंगणातल्या टाकीमागे बसून अर्धीअर्धी वाटून खाल्ली. थोड्या वेळाने दोघांच्या पोटात कळा आणि उलट्या. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी दूध पाजलं, संध्याकाळपर्यंत समोर बसवून ठेवलं, आणि दोघं हसत-खेळत घरी गेले. पण त्यांच्याआधी बातमी गेली होती. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं बालवाडीत आलीच नाहीत. "सिस्टर पोरांना विष चाटवते," इथवर मजल गेली.

नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आत्याला बोलावून घेतलं. तरुण माणूस, नव्यानेच नेमणूक झालेला, टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नाही.

"तुमचा हेतू चांगला आहे," ते म्हणाले, "पण मूल दगावलं असतं तर जबाबदार कोण? तुमची नेमणूक दवाखान्यात आहे. हे बंद करा."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच आत्याला लागलं. घरी येऊन ती माजघरात नुसती बसून राहिली. आईने चहा पुढे ठेवला, तो तसाच निवला. आई म्हणाली, "वन्सं, एक विचारू? ट्यूब खिडकीत होती म्हणून पोरांनी खाल्ली. ट्यूब कुलपात असती तर?"

"तर नसती खाल्ली."

"मग चूक ब्रशाची की खिडकीची?"

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग निवलेला चहा एका घोटात संपवला आणि उठली.

तिने बाईंना सांगून सगळ्या आयांना अंगणात बोलावलं. डॉक्टर आले, आणि आत्याने आग्रह करून आरोग्य अधिकाऱ्यांनाही आणलं. अंगण भरलं. जुळ्यांची आई पुढेच, पदराने वारा घेत, तोंड रागाने लाल. आत्या उभी राहिली. "चूक झाली," ती म्हणाली. "ट्यूब मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवली, ही आमची चूक. यापुढे ट्यूब कुलपात. बाई एका ताटलीच्या कडेने वाटाण्याएवढे ठिपके देतील, प्रत्येकाचा ठिपका वेगळा, तेवढाच ब्रशावर घ्यायचा. याउपर ज्यांना नको असेल त्यांनी नको म्हणा. मी कुणाच्या पाया पडणार नाही."

मग मागून शिंपी आजोबा उठले. बरी झाल्यापासून याच बालवाडीत येणारी नात त्यांचं बोट धरून होती. कधी चारचौघांत न बोललेला माणूस. गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती.

"ही माझी नात," ते म्हणाले. "दाढ किडून ही मरायला टेकली होती. मीच तिला साखरेची बाटली देत होतो, लाडाने. मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला आता सांगतायत." एवढंच बोलून ते नातीकडे वळले. "दाखव गं."

पोरीने आ केला. उजवीकडच्या दाढेच्या जागी खड्डा होता, बाकी दात पांढरेस्वच्छ. पुढे बसलेल्या बायका वाकून वाकून बघायला लागल्या. तेवढ्यात जुळ्यांपैकी एक आईच्या मांडीवरून उठला, पोरीशेजारी जाऊन उभा राहिला आणि त्यानेही आ केला. मग दुसरा. मग एकेक करून सगळी मुलं, आपापलं तोंड उघडून, जणू काही बक्षीसच मिळणार आहे. जुळ्यांची आई हसू दाबत होती, ते काही दाबलं जाईना. "अहो, पण त्या पेस्टला एवढी गोड चव कशाला?" ती म्हणाली. "कडू आणा म्हणावं!"

अंगण खो खो हसलं. आरोग्य अधिकारी मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, याने खरंच फरक पडतो, हे आपल्या गावात दाखवता येईल?"

"दोन वर्षं द्या," डॉक्टर म्हणाले. "आजच सगळ्यांचे दात तपासून ठेवतो. शेजारच्या दोन बालवाड्यांतल्या मुलांचेही, जिथे घासत नाहीत."

"ठीक आहे. ताटली आणि कुलूप, या अटीवर."

दोन वर्षं म्हणायला सोपी. आत्या एकही सकाळ चुकली नाही म्हणणं खोटं होईल. एकदा ती तापाने पडली, तेव्हा माझी आई गेली आणि गाणं विसरून भलतंच काहीतरी म्हणाली, ते मुलांनी तिला नंतर कित्येक महिने म्हणून दाखवलं. बाटलीचा प्रश्न अवघड होता. आत्या संध्याकाळी घरोघर जायची, म्हणायची, "साखर रोज थोडी कमी करा, मग दूध कमी करा, मग नुसतं पाणी. पोराला कळणारही नाही." पोरांना कळायचंच. रात्री कुठल्या घरातून रडणं आलं की शेजारी समजायचे, आज इथे बाटली बंद झाली.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी आरसा आणि विजेरी घेतली, अधिकारी स्वतः शेजारी बसले. आधी शेजारच्या बालवाड्या झाल्या. तिथे दहातल्या सात मुलांच्या तोंडात कीड, जशी आधी होती तशीच. मग आमच्या गल्लीतली पोरं, बहुतेक या दोन वर्षांत बालवाडीत आलेली, रांगेने आली. डॉक्टर बघायचे आणि म्हणायचे, "पुढचा." बघायचे, "पुढचा." असं बराच वेळ चाललं. आत्या दाराशी उभी, साडीचा काठ बोटांना गुंडाळत. शेवटी अधिकारीच म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही नीट बघताय ना?"

डॉक्टरांनी विजेरी त्यांच्या हातात दिली. "तुम्ही बघा."

अधिकाऱ्यांनी बघितलं. गुडघ्यावर बसून, एकेका मुलाच्या तोंडात डोकावून. दहातली सात होती तिथे आता दहात जेमतेम तीन भरत होती, आणि त्या तिघांचीही कीड वरवरची. ते उठले तेव्हा पँटच्या गुडघ्यांना अंगणातली धूळ लागली होती. त्यांनी ती झटकली नाही. "सिस्टर," ते म्हणाले, "बाकीच्या बालवाड्या किती दिवसांत सुरू करता येतील?"

आत्याची दातखीळच बसली. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढच्या महिन्यात नगरपालिकेच्या सभागृहात गावातल्या सगळ्या बालवाड्यांच्या बाई जमल्या. शिकवायला व्यासपीठावर दोघी: आत्या आणि आमच्या गल्लीतल्या तिखट बाई. प्रत्येकीच्या हातात ब्रश, दोन खुर्च्यांमागे एक घमेलं. आत्याने गाणं सुरू केलं. पहिल्यांदा सगळ्या लाजल्या, तोंडावर हात धरून हसत राहिल्या. तेव्हा पहिल्या रांगेतले अधिकारी उठले, कोट काढून खुर्चीवर टाकला, ब्रश हातात घेतला आणि वरच्या माळ्यावर गोल गोल फिरवू लागले. मग काय विचारता! अख्खं सभागृह घासू लागलं. "थू थू थू"चा गजर छताला भिडला. मागच्या बाकावर माझे वडील बसले होते, ताईला चिडवणारे. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या तोंडाला फेस होता.

त्यानंतर बुधवारची रांग आटू लागली. एकदम नाही, विहिरीचं पाणी उतरावं तशी, दर हंगामात थोडी. एका बुधवारी डॉक्टरांनी हत्यारं उकळून ठेवली आणि दुपारपर्यंत एकही मूल दात काढायला आलं नाही. आली ती दोघं-तिघं, दातांना संरक्षक लेप लावून घ्यायला, तीही एकमेकांना ढकलत, पुढचा नंबर माझा म्हणत. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आपण बेकार होणार बहुतेक." आणि त्यांनी स्वतः जाऊन दोघांसाठी चहा आणला.

आत्या निवृत्त झाली तेव्हा बालवाड्यांच्या बाईंनी मिळून तिला शिक्षणासाठी वापरतात तसा भलामोठा प्लास्टिकचा जबडा भेट दिला, चांगला हातभर रुंद, सोबत झाडूएवढा ब्रश. आई म्हणाली, "हे ठेवायचं कुठे? पाहुणे घाबरतील." आत्या म्हणाली, "ठेवायचं नाहीये." घाटापलीकडच्या खाणीजवळ कामगारांची वस्ती होती, तिथली बालवाडी नुकतीच सुरू झाली होती आणि तिथे अजून कुणी पोचलं नव्हतं. दुसऱ्या सोमवारी मी तिला बसपर्यंत सोडायला गेले. तिने खिडकीची जागा घेतली, पिशवी पायाशी आणि तो जबडा मांडीवर. कंडक्टर आला, जबड्याकडे बघून दचकला, मग सावरून म्हणाला, "मावशी, या सामानाचं तिकीट लागेल."

"लागेल कसं?" आत्याचा आवाज अख्ख्या बसमध्ये घुमला. "दुधाचे दात आहेत ते. पाच वर्षांच्या आतले. फुकट!"

बस हसली, कंडक्टरही हसत पुढे गेला. शेजारच्या सीटवर एक तरुण आई बसली होती, मांडीवरचं बाळ तोंडात बाटली धरून डोळे मिटत होतं. गाडी हलायच्या आधीच आत्या तिच्याकडे वळली. काचेतून मला शब्द ऐकू आले नाहीत. पण तिने मोठा ब्रश उचलून जबड्यावर गोल गोल फिरवलेला दिसला, आणि बाळाने बाटली सोडून त्याच्याकडे हात केलेला.